पुण्याहून आलेली स्टेअरिंग रॅक

माझा नवरा नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या एका गोदामात नोकरीला होता आणि एका गाडीला हळूहळू मारणं हे त्याचं काम होतं. गाडी म्हणजे एका अमेरिकन कंपनीची छोटी गाडी, जी आता जगाच्या पाठीवर कुठेच तयार होत नाही. उत्पादन बंद झालं तरी विकलेल्या गाड्या रस्त्यावर धावत असतात, त्यांना दिवे, आरसे, ब्रेक लागत राहतात, म्हणून कंपनीला काही वर्षं सुटे भाग ठेवावे लागतात. मग एकेका भागाची मागणी आटत जाते. ज्याला कुणीच विचारत नाही असा भाग कॉम्प्युटरवर लाल होतो. माझा नवरा तो तपासायचा, बटण दाबायचा आणि गोदामातली माणसं तो भंगाराच्या कंटेनरमध्ये टाकायची. त्याच्या हुद्द्याला एक भारदस्त इंग्रजी नाव होतं. मी त्याला चित्रगुप्त म्हणायचे. पहिली दोन वर्षं तो यावर हसायचा.

वाईट एवढंच होतं की ही गाडी जन्माला घालणाऱ्यांतला तो एक होता. पुण्याबाहेरच्या एका माळावर त्या कंपनीने कारखाना काढला तेव्हा तो नुकताच इंजिनीयर होऊन तिथे लागला होता. कंपनीचं नाव अमेरिकन, पण खुद्द अमेरिकेत लहान गाडीला फारसं कुणी विचारत नाही. तेव्हा आराखडा भलत्याच देशात काढलेला, इंजिन तिसरीकडचं आणि जुळणी आमच्याकडे, असा तो संसार होता. नवऱ्याकडे दरवाजे होते. गाडीचा दरवाजा लागताना कसा आवाज आला पाहिजे यावर तो तासभर बोलू शकायचा, आणि बोलायचाही. साखरपुडा झाल्यावर त्याने मला पहिल्यांदा फिरायला नेलं ते दुसऱ्या एका कंपनीच्या शोरूममध्ये, दरवाजे आपटून बघायला. तिथल्या सेल्समनने शेवटी आम्हाला हाकलायचंच बाकी ठेवलं होतं. माझ्या आईला मी हे सांगितलं नाही. लग्न मोडलं असतं.

खंडेनवमीला लाईनवर पूजा व्हायची. पाने-पकडी, नट आवळायच्या टॉर्क गन, वेल्डिंग करणारे यांत्रिक हात, सगळ्यांना हळदकुंकू. अमेरिकन साहेबाच्या कपाळावरही टिळा असायचा. पहिली गाडी लाईनवरून उतरली त्या दिवशी नवऱ्याने घरी येऊन साखर वाटली होती. सुरुवातीला लोक नंबर लावून गाडी घ्यायचे. मग डिझेलचं मॉडेल आलं. मग खप उतरला म्हणून गाडीचं नाक बदललं, दिवे मोठे केले, आत गाणी वाजवणारा पडदा बसवला. तरी गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं ते वळलंच. रात्रपाळी बंद झाली. शेवटी शेवटी तर देशात विकायच्या गाड्या जवळजवळ थांबल्या आणि परदेशात पाठवायला डाव्या बाजूला स्टेअरिंग असलेल्या गाड्या तिथे तयार होऊ लागल्या. तेव्हा कारखान्यात कुजबुज सुरू झाली. नवरा कॅन्टीनमध्ये आपल्या माणसांना सांगायचा, "कंपनी जाणार नाही. एवढी मशिनरी टाकून कोण जाईल?" त्याला वरच्यांनी हेच सांगितलं होतं आणि त्याचा त्यावर विश्वास होता. कंपनी गेली. शेवटच्या गाडीला हार घातला, पण नारळ कुणी फोडला नाही.

कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, ते फाटकाबाहेर धरणं धरून बसले. इंजिनीयरांतल्या काहींना टिलबर्गचा रस्ता दाखवण्यात आला, त्यात आम्ही होतो. जाऊ या, असं मीच म्हणाले आणि आजही म्हणेन. घरात लहान मुलगी होती. तत्त्वं खाऊन तिचं पोट भरलं नसतं.

निघायच्या आदल्या दिवशी नवऱ्याच्या हाताखालचा एक फिटर घरी आला. तो दरवाजे बसवायचा, दोघांचं चांगलं जमायचं. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला, चहा घेतला आणि जाताना नवऱ्याला म्हणाला, "साहेब, तिकडं आपली गाडी दिसली तर फोटो पाठवा." टोमणा असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर नवऱ्याला सोपं गेलं असतं, असं मला आता वाटतं.

टिलबर्गला आल्यावर वर्षाच्या आत नवऱ्याने तीच गाडी विकत घेतली. जुनी, करड्या रंगाची. युरोपातल्या लोकांसाठी ती दुसऱ्या देशात बनली होती, पण अंग तेच, दरवाजे तेच. शेजारच्या डच बाईने मला विचारलं, "ही कंपनी तर इथून गेली ना?" कुठलाही शहाणा माणूस ती गाडी घेणार नाही असं तिला सुचवायचं होतं, आणि ते खरंच होतं. नवऱ्याने मात्र गाडीशेजारी उभं राहून फोटो काढला आणि पुण्याला पाठवला. फिटरने तो आठवडाभर रोज स्टेटसला ठेवला. दर दसऱ्याला सुपरमार्केटमधून शेवंती आणून गाडीची पूजा व्हायची आणि चाकाखाली लिंबू ठेवलं जायचं. पहिल्या वर्षी आम्ही गाडी काढायच्या आतच शेजारीण ते लिंबू घेऊन दारात आली. "तुमचं हे पडलं होतं." मी तिचे आभार मानले, दुसरं काय करणार.

मी पुण्यात दातांची डॉक्टर होते. इथे माझी पदवी चालत नाही, म्हणून एका दवाखान्यात मदतनीस आहे. दुसऱ्याच्या तोंडात दुसरा डॉक्टर काम करतो आणि मी थुंकी ओढणारी नळी धरते. मला याचा राग येतो, मी तो बोलून दाखवते आणि रात्री झोपते. नवऱ्याचं तसं नव्हतं. तो बोलायचा नाही. सुरुवातीला जेवताना सांगायचा, आज मागच्या दाराचं रबर गेलं, आज बिजागऱ्या गेल्या. कुणी गेल्याची बातमी सांगावी तसं. पुढे पुढे तेही थांबलं. कामावरून आला की गाडी लावून आतच बसून राहायचा. मी खिडकीतून बघत असायचे. इंजिन बंद, दिवे बंद, हात स्टेअरिंगवर. मुलगी खाली जाऊन काचेवर टकटक करायची तेव्हा वर यायचा. ती त्याच्याशी डचमध्ये बोलायची, तो मराठीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचंही फार थोडक्यात उरकायचं.

फक्त शनिवारी, गाडी धुताना, तो पूर्वीसारखा दिसायचा. बाही दुमडलेली, तोंडाने गाणं. मला त्या गाडीचं काडीचं कौतुक नव्हतं. पण आठवड्यातून एक सकाळ माझा नवरा मला परत मिळत होता तो तिच्यामुळे, हे मला कळत होतं. गाडी गेली तर ही सकाळ जाईल आणि तिच्याबरोबर तोही जाईल, अशी मला भीती होती. भीती म्हणजे भीतीच.

आणि गाडी एपीकेत नापास झाली. एपीके म्हणजे इथली गाडीची सक्तीची तपासणी, ती पास झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. स्टेअरिंग रॅक खराब झाली होती. स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळतात ती ज्या लांब दांड्यामुळे, तो भाग. नवीन घालावी लागेल, असं गॅरेजवाला म्हणाला. तो टिलबर्गचाच एक सावकाश बोलणारा म्हातारा होता. त्याने कॉम्प्युटरवर शोधलं, मग दोन ठिकाणी फोन केले आणि मान हलवली. कुठेच शिल्लक नव्हती. नवऱ्याला शोधायचीही गरज नव्हती. मागणी नाही म्हणून त्या रॅक गेल्या वर्षी त्यानेच भंगारात काढल्या होत्या. आपलेच दात, आपलेच ओठ.

"जुन्या गाडीतली काढलेली मिळेल का?" मी विचारलं.

"या गाड्या इथे फार विकल्याच गेल्या नाहीत, मेव्ह्राउ," म्हातारा म्हणाला. मेव्ह्राउ म्हणजे बाईसाहेब. "आणि खरं सांगू का, आता हिच्यावर खर्च करू नका."

नाकापेक्षा मोती जड, हे मलाही दिसत होतं. घरी येताना बसमध्ये मी म्हणाले, "देऊन टाकू या. दुसरी घेऊ." नवरा खिडकीबाहेर बघत "नाही" म्हणाला. एवढंच, पण असं की फोनवर उघडलेल्या गाड्यांच्या जाहिराती मी बंद केल्या.

त्या रविवारी त्याने पुण्याला फोन लावला. फिटर आता हायवेवरच्या एका गॅरेजात काम करत होता. फोन स्पीकरवर होता, मी पोळ्या लाटत होते.

"आपल्या गाडीची रॅक हवी होती रे," नवरा म्हणाला. "इथे मिळत नाहीये."

"साहेब, तिकडं मिळत न्हाई आन् हितं मिळती, म्हंजी बगा!" फिटर खूश झाला होता. "आपल्या गाड्या अजून पळत्यात इकडं. एक अपघाताची आलीया आमच्याकडं, मागनं ठोकलेली. म्होरचा भाग कोरा हाय. उद्याच काढतो. पाठवायची कशी ते तुमी बगा."

पाठवायची कशी, हे आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही. नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज कुणीतरी विचारत असतं, पुण्याहून कोणी येतंय का, बॅगेत थोडी जागा आहे का. गोडा मसाला येतो, औषधं येतात, मोदकाचा साचा येतो. मी विचारलं आणि फोरबर्गच्या एका मुलीने होकार दिला. तिचं बाळंतपण जवळ आलं होतं, आईवडील यायचे होते. काय आणायचंय ते मी "गाडीचा छोटा पार्ट" असं कळवलं. छोटा हा शब्द माझा.

आम्ही ती आणायला ट्रेनने फोरबर्गला गेलो. मुलीच्या आईने दारातच मला धरलं. "अगं बाई, हे काय लोखंड! याच्यापायी माझे अर्धे डिंकाचे लाडू घरी राहिले. विमानतळावर ह्यांना तीनदा बॅग उघडायला लावली." मी कानकोंडी झाले. नवऱ्याचं लक्षच नव्हतं. जुन्या चादरीत गुंडाळलेली ती रॅक त्याने त्यांच्या गालिच्यावर उलगडून ठेवली, बोट फिरवून बघितली आणि वर पाहून म्हणाला, "कोरी आहे." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बाई आत गेल्या आणि त्यांनी आम्हाला उरलेल्या लाडवांतले दोन आणून दिले.

परतताना ब्रेडा स्टेशनवर ट्रेन बदलली तेव्हा त्याने रॅक मला धरू दिली नाही. झोपलेलं पोर घ्यावं तशी खांद्यावर घेऊन जिना चढला. पुढचे काही दिवस घरात उजेड पडल्यासारखं झालं. सकाळी माझ्याआधी उठायचा. एकदा पोहे केले. संध्याकाळी वर्तमानपत्र पसरून रॅक फडक्याने पुसत बसायचा आणि मुलगी शेजारी बसून विचारायची की हे काय, ते काय. तो मराठीत सांगायचा आणि तिला कळत होतं. मी देवाला मानते असं नाही, पण त्या आठवड्यात मी हात जोडले.

गॅरेजमध्ये मीही गेले. म्हाताऱ्याने चादर सोडली, रॅक उचलली, दोन्ही टोकांकडे पाहिलं. मग गाडीखाली पाहिलं. मग पुन्हा रॅककडे. आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "ही इंग्लंडहून मागवलीत का?"

"नाही, इंडियाहून," नवरा म्हणाला. आणि त्याचा चेहरा उतरत गेला, तो मी समोर उभी राहून पाहिला.

भारतात स्टेअरिंग उजवीकडे असतं. इथे डावीकडे. स्टेअरिंगचा दांडा रॅकला ज्या जागी येऊन मिळतो ती जागा आमच्या रॅकवर नेमकी उलट्या बाजूला होती. ती या गाडीत बसणं शक्यच नव्हतं. हे सांगायला इंजिनीयर लागत नाही. मी स्वतः ती गाडी कित्येकदा चालवली होती, डावीकडे बसून, आणि मला सुचलं नाही. पुण्याच्या फिटरने जन्मभर याच गाड्या जोडल्या, त्याला सुचलं नाही. पण ज्या माणसाने आपल्या कारखान्यात दोन्ही बाजूंच्या गाड्यांचे दरवाजे जुळवून दिले होते, ज्याने इथे बसून याच भागाचे डावे-उजवे आकडे रोज पाहिले होते, त्याला कसं सुचलं नाही? टिलबर्गच्या रस्त्यावरून तो इतकी वर्षं पुण्याची गाडी चालवत होता. उभा इथे होता आणि डोक्याने तिथल्या लाईनवर.

पहिल्यांदा मला रागच आला. ओरडायला तोंड उघडलं होतं. मग त्याच्याकडे पाहिलं. तो रॅक हातात घेऊन उलटी करत होता, सुलटी करत होता, पुन्हा उलटी. फिरवता फिरवता एखाद्या वेळी ती बसेल असं काहीतरी. "मला कळलंच नाही," असं म्हणत होता, मला नाही, म्हाताऱ्याला नाही. म्हाताऱ्याने हळूच ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि टायरच्या ढिगावर त्याला बसवलं. कॉफी आणून दिली. नवऱ्याने ती हातात धरली, पण तो प्यायला नाही.

सोमवारी तो उठला नाही. मंगळवारीही नाही. मी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंकडे, त्याला जवळजवळ ओढतच नेलं. त्यांनी त्याला प्रश्न विचारले, त्याने खाली बघून उत्तरं दिली, आणि त्यांनी बर्नआउट हा शब्द उच्चारला. इथे या शब्दाला मान आहे. कंपनी रजा देते, कुणी नावं ठेवत नाही. आमच्याकडे याला आळस म्हणतात, नाहीतर नजर लागली म्हणतात. नवऱ्याने मला शपथ घातली की पुण्यात कुणाला कळता कामा नये. माझ्या सासूबाई फोनवर विचारायच्या, "ऑफिस काय म्हणतंय?" आणि तो सोफ्यावर पडल्या पडल्या सांगायचा, "चाललंय, आई." गाडी मीच मोडीत दिली. ट्रक येऊन घेऊन गेला तेव्हा तो आत पडद्यामागे होता.

फिटरचा फोन रविवारी दुपारी आला. तिकडे संध्याकाळ झालेली असते.

"साहेब, बसली का?"

नवरा उठून बसला. कित्येक दिवसांत मी त्याला असा ताठ बसलेला पाहिला नव्हता. "बसली रे! एकदम फिट," तो म्हणाला. स्वच्छ, मोठ्या आवाजात. "काही खुटखुट नाही."

"मंग! आपली गाडी हाय ती!"

त्यानंतर दर रविवारी फोन येऊ लागला. फिटर विचारायचा, कशी पळते, थंडीत लगेच सुरू होते का, आणि माझा नवरा सांगायचा. काल डेन हागला नेली होती. वाऱ्यात जरा डोलते. दरवाजे अजून पहिल्यासारखे लागतात. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे. जी गाडी पत्र्याचा गोळा होऊन कुठेतरी वितळली होती, ती माझ्या घरात दर रविवारी धावत होती. तेवढा वेळ तो बरा असायचा. फोन ठेवला की पुन्हा आडवा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत होती, आणि मी ते चालू दिलं.

मग एका रविवारी फिटर म्हणाला, "साहेब, एकदा व्हिडिओवर दावा की गाडी. पोरं बसल्यात हितं समदी. त्यान्ला बघायचीया."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी कणकेचे हात तसेच धरून दारात उभी होते. बाहेर ऊन होतं, पाऊस आहे असंही म्हणता आलं नसतं. मला वाटलं, आता हा फोन ठेवील.

"गाडी नाहीये रे," तो म्हणाला. "बसली नव्हती रॅक. उजवीची होती. गाडी मोडीत गेली."

फिटर पोरांच्या गलक्यातून बाजूला झाला. "माज्या बी ध्यानात आलं न्हाई, साहेब," तो म्हणाला. आणि मग, काळजीने, "मंग कामावर कसं जाताय?"

"जात नाही," नवरा म्हणाला. "मी कामावर जात नाही. कधीपासून. जमत नाही मला."

हे तो आजवर कुणालाही बोलला नव्हता. मलाही नाही. माझ्यासमोर डॉक्टर बोलल्या होत्या, तो नाही. मी वाट पाहत होते की आता तिकडून काय येतंय, कारण त्या माणसाला चिडायचा हक्क होता. फाटकाबाहेर तो बसला होता, आम्ही नाही.

"जेवलाय का, साहेब?" फिटरने विचारलं.

नवऱ्याने फोन माझ्यापुढे धरला. मी कणकेच्या हातानेच तो घेतला.

"नाही जेवला, भाऊ," मी म्हणाले. "सकाळपासून काही खाल्लेलं नाही."